मग?

गोष्ट सांगणे हा एकट्याचा उद्योग नव्हे. ऐकणारा त्यात निम्म्याचा भागीदार असतो. आमच्या आजीला हे पक्के ठाऊक होते. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री अंगणात बाजा टाकल्या, की ती गोष्टीला हात घाली. पण त्याआधी आम्हां नातवंडांपैकी एकाची हुंकार देण्याच्या कामावर नेमणूक करी. तिचे एक वाक्य झाले, की नेमलेल्या पोराने 'मग?' म्हणायचे. तो 'मग?' आला नाही, तर गोष्ट जागची हलत नसे. आणि म्हातारी मोठी लबाड होती. राक्षसाने दाराची कडी हलविली, आत राजपुत्राच्या हातातला दिवा विझला, इतके सांगून झाले की तिला हटकून तपकिरीची आठवण व्हायची. उशाखाली डबी चाचपणे, ती न सापडणे, सापडल्यावर चिमूट भरणे, ती ओढणे, एक शिंक, दुसरी शिंक! तोपर्यंत आमचा जीव त्या अंधारात राजपुत्राच्या शेजारी उभा असे. चारी बाजांवरून एकदम 'मग? मग?' असा गजर उठे. माझी खात्री आहे, की म्हातारीला तपकिरीपेक्षा त्या गजराचेच व्यसन अधिक होते.

पुढे मी एम. ए. झालो, महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो, आणि आजी जे तपकिरीच्या डबीने साधत असे तेच मोठमोठ्या शब्दांनी समजावून देऊ लागलो. नाटकातले कार्य पाच अवस्थांतून पुढे जाते, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यातली मधली अवस्था माझ्या विशेष आवडीची. प्राप्त्याशा म्हणजे हवे ते हाती येईलसे वाटते, आणि त्याच क्षणी निसटेल अशी धास्तीही वाटते. एक टोक आशेने धरायचे, दुसरे भीतीने, आणि मधल्या माणसाला ताणायचे. एवढे एक वर्म त्या जुन्या मंडळींनी ओळखले, आणि नंतरच्या सर्वांनी त्यावर आपला प्रपंच चालविला. आख्यान ऐन रंगात आले की कीर्तनकार बुवा नेमके उपरणे सावरतात आणि पेटीवाल्याकडे पाहून एखादे पद धरतात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमूची कहाणी त्यातून हप्त्याहप्त्याने दिली. पुढचा अंक हाती पडेपर्यंत त्या पोरीची काळजी वाचकांनी वाहायची. साप्ताहिकाच्या वाचकांना हे मी काय सांगावे? 'क्रमशः' या तीन अक्षरांवर तुम्ही स्वतःच किती वेळा चरफडला असाल!

वर्गात मी आणखी एक दृष्टान्त देतो. आमच्या शहराचे हिमरू प्रसिद्ध आहे. मागावर उभे सूत ताणून बसविलेले असते, तो ताणा. त्यातून आडवा धागा जातो, तो बाणा. उभे सूत सैल पडले, तर आडवे रेशीम कितीही झुळझुळीत असो, वीण बसायची नाही. 'लेखनाचेही तसेच,' असे म्हणून मी खडू खाली ठेवतो. हा दृष्टान्त दर वर्षी मुलांना आवडतो, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडतो.

पण एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, 'सर, हा ताण येतो कशाने? प्रसंग भयंकर असला म्हणजे येतो का?'

प्रश्न साधा होता, आणि म्हणूनच अडचणीचा. उत्तरासाठी मी तिला पुस्तकाकडे न पाठविता क्रांती चौकाकडे बोट दाखविले. तो चौक आम्हां सर्वांच्या रोजच्या वाटेवरचा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की छत्रपती संभाजीनगरातला, म्हणजे जुन्या औरंगाबादेतला, हा अतिशय गजबजलेला चौक. मोर्चे येथून निघतात, मिरवणुका येथे अडतात, आणि लाल दिव्यापाशी उभे राहून घड्याळ पाहणे हा नागरिकांचा नित्यनेम येथेच पार पडतो. शिवरायांचा अश्वारूढ पुतळा येथे आहे. २०२२ साली उंच चौथर्‍यावर नवा पुतळा उभा राहिल्यापासून त्याच्या दर्शनाला मान चांगलीच वर करावी लागते. परंतु चौकाच्या नावातली 'क्रांती' आहे १८५७ ची. त्या साली पकडलेल्या बंडवाल्यांना ज्या काळ्या चबुतर्‍यापाशी देहान्त शासन झाले असे म्हणतात, तो चबुतरा येथलाच.

हकीकत अशी. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, औरंगाबादेस आले. मे महिन्यात मीरत पेटले होते आणि दिल्लीत बहादुरशहाच्या नावाने राज्य पुकारले गेले होते. छावणीत कुजबूज सुरू झाली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालवून नेणार. खरे काय ते कोणी नीट सांगेना. बादशहाविरुद्ध लढायला आम्ही दक्षिणेबाहेर जाणार नाही, असे स्वार म्हणू लागले. गोर्‍या अधिकार्‍यांनी त्यांची समजूत घातली, आश्वासने दिली. वरवर पाहता छावणी शांत झाली. तिकडे पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज तोफांसह मजल दरमजल करीत निघालीच होती.

जूनच्या चौथ्या आठवड्यात ती फौज येऊन थडकली. घोडदळाला कवायतीच्या मैदानावर उभे करण्यात आले आणि शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम सुटला. एक तुकडी सोडून सार्‍यांनी शस्त्रे ठेवली. त्या एका तुकडीला जनरलने विचार करायला मुदत दिली. सहा मिनिटांची. त्या काळाचा इतिहास लिहिणार्‍या मॅलेसनने हा आकडा नमूद करून ठेवला आहे. सहा मिनिटे संपली आणि त्या स्वारांनी घोड्यांना टाच मारली. पुष्कळसे निसटून गेले. जे सापडले त्यांची गत व्हायची ती झाली. आपल्या अधिकार्‍यावर पिस्तूल झाडणार्‍या मीर फिदा अलीला फाशी झाली. कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले.

'आता सांग,' मी त्या मुलीला म्हणालो, 'या हकीकतीत ताण कुठे आहे?'

ती म्हणाली, 'सहा मिनिटांत.'

पोरगी हुशार होती. तोफेच्या तोंडी देण्यात क्रौर्य आहे. ते ऐकून संताप येतो, अंगावर काटा येतो. पण श्वास अडकतो तो त्या सहा मिनिटांत, आणि त्या सहा मिनिटांत तर काहीच घडत नाही! घोडी शेपट्यांनी माश्या वारीत असतील. कोणी घसा साफ केला असेल. कोणाला घर आठवले असेल. प्रत्येकापाशी गमावण्यासारखा जीव होता, पुढे काय ते ठाऊक नव्हते, आणि मध्ये मोजलेला वेळ होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की ताण आपोआप चढतो. त्याला राक्षस लागत नाही, की वादळ लागत नाही. आणखी एक चौथी गोष्ट आहे. घड्याळ कोणाच्या हातात होते? ज्यांचा जीव टांगणीला लागला होता त्यांच्या हातात ते खचितच नव्हते.

असेच एक घड्याळ मराठी रंगभूमीवर आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली आले. हौशी नटमंडळी एका गावात खेळ करायला येतात, वेळ जात नाही म्हणून खोट्या खटल्याचा खेळ मांडतात, आणि बेणारेबाईंना गमतीने आरोपी करतात. पहिल्यापहिल्याने आपणही हसत असतो. मग कोणीतरी एक प्रश्न अंमळ अधिक खोचून विचारते, दुसरा त्याला दुजोरा देतो, दार बाहेरून अडकलेले निघते, आणि खेळ केव्हा संपला नि शिकार केव्हा सुरू झाली हे आपल्याला कळतच नाही. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ काढून आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत रंगमंचावरचे सारे जग गोठते आणि बेणारे आपले सबंध आयुष्य बोलून टाकते. ते ऐकतो फक्त प्रेक्षक. बाकीच्यांच्या लेखी ती अवाक्षरही बोललेली नसते. ज्याच्या हातात घड्याळ असते त्याचे दहा सेकंद आणि ज्याच्यासाठी ते चालू असते त्याचे दहा सेकंद, यांची लांबी एक नसते.

कालिदासाने तर घड्याळाशिवाय हे साधले आहे. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप होतो. शकुंतला आपल्या विचारात गढलेली. तिला काही ऐकूच येत नाही. ऐकतात त्या दोघी सख्या. प्रियंवदा ऋषीचे पाय धरून उःशाप मिळविते, आणि मग दोघी ठरवितात, की हे आपल्या दोघींतच राहू द्यावे. शकुंतला मुळातच कोमल, तिला कशाला सांगा? निरोपाच्या वेळी तेवढे म्हणतात, राजाला ओळख पटायला वेळ लागला तर ही अंगठी दाखव. शकुंतला त्या बोलण्याने थरारते. पण पुढे कोणी काही सांगत नाही. अंगठी शचीतीर्थात पडते ती या मौनाच्या पाठोपाठ. आता नाटक पाहणारा प्रत्येक जण शाप जाणतो, आणि ज्या बाईच्या कपाळी तो आहे ती मात्र आनंदाने सासरी निघाली आहे. एकाला ठाऊक आहे, दुसर्‍याला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो बोलत नाही. साहित्यातला ताण पुष्कळदा या एवढ्याच खुंटीवर बसविलेला असतो.

हे सारे मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. मुलांना समजते, परीक्षेत गुण मिळतात. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात या विषयाची माझी स्वतःची परीक्षा झाली. तीत मी साफ नापास झालो. ती हकीकत सांगण्यासाठीच हा सगळा पूर्वरंग.

माझ्या पत्नीच्या काखेशी एक गाठ हाताला लागली. डॉक्टरांनी तपासले, बारीकसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविला, आणि म्हणाले, 'काळजीचे कारण नसावे.' मी व्याकरण शिकविणारा माणूस. 'नाही' आणि 'नसावे' यांतला फरक मी शेकडो वेळा फळ्यावर लिहून दाखविला असेल. तो खरा कळला त्या दिवशी. त्या एका 'वे' मध्ये आमचे पुढचे सहा दिवस गेले.

त्या सहा दिवसांत आमच्या घरी काहीही घडले नाही. गणपती बसले, आरत्या झाल्या, मी तास घेतले. फक्त पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा फडताळातल्या डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटविलेल्या दिसल्या. तूर, हरभरा, मूग, मसूर. लग्नाला इतकी वर्षे झाली. तिला कधी चिठ्ठीची गरज पडली नव्हती. चिठ्ठ्या कोणासाठी आहेत हे मला समजले, आणि मला समजले आहे हे तिलाही समजले. दोघेही काही बोललो नाही. त्या वर्षी आमच्या भागात नळाला सहा-सात दिवसांआड पाणी येई. पाण्याच्या दिवशी एरवी ती एकटीच सगळी धांदल उरकते. या खेपेस तिने मुलीला शेजारी उभे केले. मोटार केव्हा लावायची, टाकीचा कॉक कोणता, पिण्याचे पाणी कोणत्या पिंपात भरायचे, हे सावकाश, दोनदोनदा सांगितले. मुलगी बारावीत. जेवताना आमचे डोके उठविणारी. 'मग? मग ते काय म्हणाले? मग तुम्ही काय म्हणालात?' हे तिचे पालुपद. त्या सहा दिवसांत तिने एकदाही 'मग?' म्हटले नाही. तिने मुकाट्याने पाणी भरले.

मला तेव्हाच कळायला हवे होते. गोष्टीत माणूस 'मग?' म्हणतो ते पुढचे हवे असते म्हणून. घरात तोच शब्द ओठांवर येऊन मागे फिरतो, कारण पुढचे नको असते. गोष्टीतल्या राजपुत्राचे काहीही झाले तरी आपण सकाळी उठून दूध पिणार असतो.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी अहवाल आणायला गेलो. प्रयोगशाळा क्रांती चौकापासून जवळच. पाकीट हाती पडले तेव्हा साडेपाच वाजले होते. जिन्यात उभ्याउभ्याच ते फोडले. एक ओळ कळेल तर शपथ. परत वर गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, 'साधी गाठ आहे. भिण्यासारखे काही नाही.' त्यांनी 'नाही' म्हटले, 'नसावे' म्हटले नाही!

मी खाली आलो. चौकात गर्दी उसळली होती, शेजारच्या उड्डाणपुलावरून गाड्या धावत होत्या, कुठेतरी ढोल घुमत होते, आणि मला त्या सगळ्या कल्लोळाला मिठी मारावीशी वाटत होती. इतक्यात खिशातला फोन वाजला. पत्नीचा होता.

मी तो घेतला नाही.

का, ते प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या मनात आले, अशी बातमी फोनवर सांगायची असते का? समोर बसून सांगू. तिचा चेहरा कसा उजळतो ते पाहू. पेढे नेऊ, एकदम पुढे करू. माझ्यातला आजीचा नातू जागा झाला होता. इतका वेळ मला ताणत असलेली दोरी आता माझ्या हातात आली होती, आणि ती हातात येताच पहिली गोष्ट मी कोणती केली? ती सोडली नाही; जराशी ओढून पाहिली.

मिठाईच्या दुकानात गणपतीच्या मोदकांसाठी भली मोठी रांग होती. रांगेत असताना फोन पुन्हा वाजला. 'आता पोचतोच आहे,' असे मनाशी म्हणून मी तो वाजू दिला. पेढे घेऊन निघालो तो चौकात मिरवणूक आडवी आली आणि वाहतूक थांबली. फोन तिसर्‍यांदा वाजला. त्यानंतर मात्र वाजला नाही. तो का वाजेनासा झाला असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी मजेत पुतळ्याकडे पाहत, वाक्ये जुळवीत उभा होतो.

घरी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. घंटी वाजविण्याआधीच दार उघडले गेले. पेढ्यांचा पुडा मी पाठीमागे धरला होता. पत्नी काही बोलली नाही. तिने नुसते माझ्या तोंडाकडे पाहिले. मी तोंड गंभीर केले आणि म्हणालो, 'आधी पाणी दे.'

तिने पाणी आणून दिले. मी ते सावकाश प्यालो. भांडे खाली ठेवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलगी तिच्या खोलीच्या दारात चौकटीला धरून उभी होती. मग मी पाठीमागचा पुडा पुढे केला आणि मोठ्याने म्हणालो, 'अगं, साधी गाठ आहे! काही नाही, काही नाही!'

मुलगी हुंदका देऊन आत पळाली. पत्नी रडली नाही, हसलीही नाही. तिने पुडा घेतला, गणपतीपुढे ठेवला, हात जोडले. मग तिथेच पाटावर बसली आणि शांतपणे विचारले, 'अहो, तुम्हाला किती वाजता कळलं?'

'साडेपाचला,' मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

'म्हणजे पावणेदोन तास या घरात मी एकटीच आजारी होते,' ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाच्या रात्री झोप न लागण्याचे हे कारण मोठे विचित्र होते. मी अंथरुणावर पडल्या पडल्या सगळी पात्रे पुन्हा समोर उभी केली. शकुंतलेच्या सख्या बोलल्या नाहीत, त्याचा परिणाम वाईट झाला. पण त्या गप्प राहिल्या त्या तिच्यासाठी. 'मृच्छकटिका'च्या शेवटच्या अंकात चारुदत्ताला वधस्थानी नेतात. तिथे ते दोघे चांडाळ किती वेळ काढतात! आज पाळी तुझी की माझी, यावरच घोळ घालतात. एकाला मरणाच्या वेळी बापाने सांगून ठेवलेले असते, की वध करायची घाई करू नकोस. कोणी पैसे भरून सोडवील, कोणी राज्यच पालटेल, माणूस वाचायचा असला तर वाचेल. तोवर वसंतसेना येऊन पोचते. प्रेक्षकांचा जीव कासावीस करणारा तो सगळा विलंब दयेचा आहे. सुळावर देणार्‍या माणसाने मरणार्‍याला चार श्वास उसने दिले. आणि मी? माझा विलंब कोणासाठी होता? मी ज्ञानाचा धनी होतो, घड्याळ माझ्या हाती होते, आणि पावणेदोन तास मी ते माझ्या करमणुकीसाठी चालू ठेवले. जनरल वुडबर्नने निदान मुदत किती ते सांगितले होते.

लेखकाने ताण वाढवावा. तो त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला आपणच देतो. तिकीट काढून, अंक विकत घेऊन, दिवा मोठा करून आपण त्याच्यासमोर बसतो आणि म्हणतो, ताण आम्हांला. तू शेवट जाणतोस एवढा आमचा भरवसा आहे. घरात कोणी तिकीट काढून बसलेले नसते.

पहाटेच्या सुमारास मला आजीची एक आठवण आली. इतकी वर्षे ती मनाच्या तळाशी पडून होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमचे काका झाडावरून पडले आणि त्यांना इस्पितळात नेले. आजी बरोबर गेली. काकू ओसरीवर खांबाला टेकून बसलेली. आम्ही पोरे तिच्याभोवती. दुपार टळली तरी कोणी येईना. मग गल्लीच्या टोकाला आजी दिसली. उन्हात, अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला. एरवी हळू चालणारी आणि हळू बोलणारी ती म्हातारी तिथूनच हात वर करून ओरडत होती, 'बरा आहे गं! बरा आहे! पाय मोडला, बाकी बरा आहे!' सारी गल्ली बाहेर आली. घरापर्यंत पोचायचे तीसचाळीस पावलांचे अंतर राहिले होते. तेवढे चालून येण्याइतका वेळही तिने काकूला ताटकळू दिले नाही. पाणी नंतर मागितले. तपकीर तर त्याहूनही नंतर.

गोष्टीतल्या राजपुत्राला अंधारात उभे करून शिंका देणारी बाई ती हीच. बाजेवर काय करायचे आणि गल्लीत काय करायचे, हे तिला कोणी शिकविले नव्हते. मला शिकविण्याचा पगार मिळतो, आणि मला ते ठाऊक नव्हते.

आता मी हा विषय शिकवितो तेव्हा हिमरूचा दृष्टान्त देतो, सहा मिनिटे सांगतो, दहा सेकंद सांगतो; पण शेवटी आजीची गल्लीही सांगतो. अभ्यासक्रमात ती नाही. मुले वही मिटून ऐकतात. परीक्षेचा निकाल, नोकरीचा होकार, मुलीच्या स्थळाचे उत्तर, इस्पितळातला कागद. हे ज्यांच्या हाती आधी पडेल त्यांनी गल्लीच्या टोकापासूनच ओरडावे, एवढेच माझे सांगणे असते. बातमी वाईट असली तर ओरडता येत नाही, हे खरे. पण पावले उचलता येतात. मध्येच पेढ्यांच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

यंदा पत्नीची पुन्हा तपासणी झाली. कागद आणायला मीच गेलो होतो. वरच्या मजल्यावरच कागद वाचून घेतला आणि तिथूनच फोन लावला. तिने 'हॅलो' म्हणायच्या आतच मी म्हणालो, 'सगळं ठीक आहे.' क्षणभर काही ऐकू आले नाही. मग कोणीतरी फोन ओढून घेतल्याचा आवाज आला आणि मुलगी विचारू लागली, 'मग? मग काय म्हणाले? मग आता पुन्हा केव्हा बोलावलंय?' तिच्या प्रश्नांची उत्तरे देत देत मी चौक ओलांडला.

डाळींच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. परवा दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा मुलीने फडताळासमोर उभे राहून विचारले, 'आई, या काढून टाकू का आता?'

'राहू दे,' पत्नी म्हणाली. 'तुझ्या बाबांना अजून तूर आणि हरभरा ओळखू येत नाहीत.'